कस्टम आरएफ केबल बनवून घ्यायचीय? रेट विचारायच्या आधी हे ठरवा

माझी पहिली कस्टम आरएफ केबलची, म्हणजे रेडिओ सिग्नल नेणाऱ्या केबलची, ऑर्डर एका ओळीची होती, तीही व्हॉट्सअॅपवर. "एसएमए टू एसएमए, आरजी-३१६, ३० सेमी, एका बाजूला बल्कहेड, ५० नग, रेट सांगा." एसएमए म्हणजे आट्यांचा छोटा कनेक्टर, आरजी-३१६ म्हणजे बारीक केबलचा एक प्रकार, बल्कहेड म्हणजे पॅनेलच्या भोकात नटाने बसणारा कनेक्टर. आम्ही ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये छोटे वायरलेस गेटवे बनवतो आणि सप्लायर नवी मुंबईच्या रबाळे एमआयडीसीतला. तासाभरात त्यांच्याकडे असेंब्लीचं काम बघणाऱ्या ताईंचा फोन आला, "दादा, बल्कहेडला बाहेरून आटे ते कळलं, पण आत पिन हवी की भोक?" मी तेव्हा कुठल्या तरी मीटिंगला चाललो होतो, म्हटलं "नेहमीचं द्या हो ताई."

नेहमीचं म्हणजे आत भोक. आणि आमच्या वायफाय अँटेनाच्या नटाच्या आतही भोक, कारण तो आरपी-एसएमए, म्हणजे पिन आणि भोक उलटं केलेला रिव्हर्स पोलॅरिटी एसएमए, होता. गंमत अशी की आटे एकदम मस्त बसतात, अँटेना घट्ट फिरतो, बघणाऱ्याला वाटतं सगळं ओके, पण भोकासमोर भोक आहे आणि पिन कुठेच नाही. आम्ही दोन दिवस फर्मवेअरमध्ये बग शोधत बसलो होतो! ५० केबल अजून कपाटात आहेत. सप्लायरची चूक शून्य, त्यांनी विचारलं होतं, मीच सांगितलं नाही.

तेव्हापासून मी एक क्रम धरलाय तो इथे लिहितोय. ज्यांना १०-२० पासून हजारभर नगांपर्यंत केबल बनवून घ्यायच्या असतात त्यांच्यासाठी आहे हे, मोठ्या कंपन्यांमध्ये यासाठी वेगळं डिपार्टमेंट असतं, आपल्याकडे आपणच.

पहिली पायरी : केबलचं नाव घेऊ नका, आधी हिशेब करा

बहुतेक जण थेट "आरजी-३१६ द्या" किंवा "एलएमआर-४०० द्या" म्हणतात कारण मागच्या प्रोजेक्टला तीच होती. त्याऐवजी कागदावर चार गोष्टी लिहा: फ्रिक्वेन्सी कुठून कुठपर्यंत, लांबी किती, पॉवर किती, आणि केबलमध्ये किती डीबी (डेसिबल, म्हणजे सिग्नल किती घटला त्याचं माप) गेले तर चालतील. केबलमधून डीसीही जाणार असेल, म्हणजे अॅक्टिव्ह जीपीएस अँटेनाला ३ ते ५ व्होल्ट द्यायचे असतील वगैरे, तर तेही लिहा.

उदाहरण घेऊ. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीच्या टेरेसवर पोल आहे, त्यावर २.४ गिगाहर्ट्झचा अँटेना, आणि गेटवे खाली मीटर रूमच्या बाजूला, मध्ये १० मीटर केबल. आरजी-३१६ ला २.४ गिगाहर्ट्झला मीटरमागे साधारण दीड डीबीच्या आसपास लॉस असतो, म्हणजे १० मीटरला १४-१५ डीबी, तुमच्या पॉवरचा जेमतेम तिसावा हिस्सा वर पोचतो. आरजी-५८ ला मीटरमागे एक डीबीच्या आसपास धरा, १० डीबी गेले, म्हणजे दहावा हिस्सा उरला. एलएमआर-४०० टाइपला मीटरमागे ०.२२, म्हणजे सव्वादोन डीबी. हाच हिशेब बॉक्सच्या आतल्या १५ सेमीच्या जंपरला करा, आरजी-३१६ मध्ये फक्त पाव डीबी जातो आणि ती जेमतेम अडीच मिमी जाडीची केबल बॉक्समध्ये कशीही वळवता येते, तिथे सव्वादहा मिमीची एलएमआर-४०० कोंबायला जाणं म्हणजे वेडेपणा. एकच गेटवे, दोन वेगळ्या केबल. आणि हो, शक्य असेल तर गेटवेच वर न्या, केबलवर पैसे घालण्यापेक्षा ते बरं पडतं.

८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लोराला (थोडा डेटा लांबवर पाठवणारी वायरलेस पद्धत) हाच लॉस बराच कमी होतो कारण फ्रिक्वेन्सी कमी तसा लॉस कमी, त्यामुळे वायफायचा आकडा लोराला लावू नका आणि उलटंही नको.

अजून एक गोष्ट बरेच जण विसरतात. डेटाशीटमधला लॉस २० किंवा २५ डिग्रीला दिलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात टेरेसवरचा पत्र्याचा बॉक्स दुपारी ६० च्या वर सहज जातो. तांबं तापलं की रेझिस्टन्स वाढतो आणि केबलचा लॉस ढोबळमानाने दर डिग्रीला ०.२ टक्के वाढतो, म्हणजे २५ चं ६५ झालं तर ८ टक्के जास्त. वरच्या सव्वादोनाचे जवळपास अडीच झाले. फार नाही, पण बजेटमध्ये धरा.

दुसरी पायरी : केबल

लॉस ठरला की केबलचे दोन-तीन पर्यायच उरतात. आता बघायचं ती कशी जगणार आहे. एकदा वळवून क्लॅम्प करून सोडायची असेल तर बेंड रेडियस (वळणाची त्रिज्या) ढोबळमानाने व्यासाच्या पाचपट चालतो, रोज हलणारी असेल, टेस्ट जिगवरची, दार उघडताना ओढली जाणारी, तर दहापट धरा. एलएमआर-४०० चंच बघा, या हिशेबाने एकदाच बसवताना ५० मिमी, सारखी वाकणार असेल तर १०० मिमी. बाहेर उन्हात असेल तर जॅकेट काळं, यूव्हीला टिकणारं पॉलिइथिलीन घ्या. गरम जागेत असेल तर आरजी-३१६ सारखी टेफ्लॉन डायइलेक्ट्रिकवाली (डायइलेक्ट्रिक म्हणजे मधली तार आणि जाळी यांच्यामधलं इन्सुलेशन) घ्या, ती २०० डिग्रीपर्यंत टिकते, साधी पॉलिइथिलीन आतून मऊ होते आणि सेंटर कंडक्टर मधोमध राहत नाही.

"टाइप" या शब्दापासून मात्र सावध राहा. "आरजी-५८ टाइप" म्हणजे जाडी तीच, पण आतली जाळी विरळ असू शकते, सेंटर कंडक्टर तांब्याऐवजी कॉपर क्लॅड स्टीलचा असू शकतो. रेटमध्ये जो फरक दिसतो तो बहुतेक इथेच असतो. म्हणून क्वोटमध्ये केबलच्या मेकरचं नाव आणि पार्ट नंबर मागा. मिलिटरी ग्रेड हवी असेल तर एमआयएल-डीटीएल-१७ चा (अमेरिकी लष्कराच्या केबल स्पेकचा) नंबर लिहा, नको असेल तर निदान जाळीचं कव्हरेज किती टक्के ते विचारा. आणि ५० ओहम की ७५ ओहम (केबलचा इम्पिडन्स) हे लिहायला लाजू नका, आरजी-५८ (५० ओहम) आणि आरजी-५९ (७५ ओहम) मध्ये एका आकड्याचा फरक आहे आणि फोनवर ऐकताना घोळ व्हायला तेवढा पुरतो.

तिसरी पायरी : कनेक्टर, आणि इथे घाई नको

माझी ५० केबलची गोष्ट इथलीच. एका कनेक्टरबद्दल कमीत कमी एवढं सांगावं लागतं: सिरीज कुठली, मेल की फिमेल, सरळ पोलॅरिटी की रिव्हर्स, सरळ की काटकोनी, केबलवरचा साधा की बल्कहेड, बल्कहेड असेल तर पॅनेलची जाडी किती आणि भोक गोल की एका बाजूने चपटं, बॉडी पितळेची की स्टेनलेसची, प्लेटिंग कुठलं. मेल-फिमेल म्हणताना लोक आट्यांकडे बघतात, काही जण पिनकडे बघतात, आणि आरपी मध्ये दोन्हींची उत्तरं उलटी येतात. त्यामुळे मी आता मराठीतच लिहितो, "बाहेरून आटे, आत पिन". ताई ड्रॉइंगवर ती ओळ पहिली वाचतात, बाकीचं मग. अजून खात्री हवी तर समोरच्या कनेक्टरचा फोटो नाही, खरा कनेक्टर पाठवा, पाकिटात घालून.

फ्रिक्वेन्सीचं म्हणाल तर कनेक्टरच्या सिरीजपैकी बीएनसी ४ गिगाहर्ट्झपर्यंत, एन आणि टीएनसी ११ पर्यंत, एसएमए १८ पर्यंत, त्यावर २.९२ मिमीवाला ४० पर्यंत. वायफाय आणि लोरासाठी एसएमए भरपूर झाला. एसएमए, ३.५ मिमी आणि २.९२ मिमी हे तिन्ही एकमेकांत बसतात, त्यामुळे लॅबमधल्या महागड्या २.९२ च्या पोर्टवर स्वस्त एसएमए घट्ट करायच्या आधी त्याची पिन किती बाहेर आलीय ते बघा, जास्त बाहेर असेल तर समोरची सॉकेट गेली म्हणून समजा. एन कनेक्टरमध्ये ५० आणि ७५ ओहमचे वेगळे येतात, ७५ ची पिन बारीक असते, ५० ओहमचा मेल ७५ च्या फिमेलमध्ये दाबला तर आतली सॉकेट फाकते आणि नंतर तिथे योग्य पिनही नीट पकडत नाही.

बाहेर टेरेसवर एसएमए नका वापरू, एन वापरा. लाइटनिंग अरेस्टर (विजेपासून वाचवणारा) मध्ये येणार असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचे मेल-फिमेल बघून मगच केबलचं ठरवा, नाहीतर अॅडॉप्टर लावत बसाल आणि प्रत्येक अॅडॉप्टर म्हणजे पाणी शिरायला अजून एक जागा.

रोज लावायची-काढायची टेस्ट केबल असेल तर स्टेनलेस बॉडी घ्या, चांगला स्टेनलेस एसएमए साधारण ५०० वेळा लावण्याकाढण्यासाठी बनवलेला असतो. प्रॉडक्टच्या आत कायमची बसणारी असेल तर पितळ चालतं, पैसे वाचवा. टॉर्कही वेगळा आहे, पितळेच्या एसएमएला साधारण ०.५६ न्यूटन मीटर, स्टेनलेसला ०.९, पक्कड घेऊन कोणी आवळत असेल तर त्याला थांबवा.

मोबाइल टॉवर किंवा बिल्डिंगमधल्या डीएएसचं (आतल्या अँटेनांच्या जाळ्याचं) काम असेल तर पीआयएम (दोन सिग्नल मिसळून तयार होणारा नको असलेला सिग्नल) वेगळं लिहावं लागतं, दोन ४३ डीबीएमच्या टोनवर उणे १६० डीबीसी असं. तिथे निकेल प्लेटिंग आणि स्टीलचा सेंटर कंडक्टर नडतो, म्हणजे आरजी-३१६ बाद, तिचा गाभा चांदी चढवलेला कॉपर क्लॅड स्टीलचा आहे. आमच्या कामात लागत नाही म्हणून इथे थांबतो.

चौथी पायरी : लांबी म्हणजे कुठून कुठपर्यंत?

"३० सेमी" म्हणजे कनेक्टरच्या टोकापासून टोकापर्यंत? की फक्त केबल? की कनेक्टरच्या रेफरन्स प्लेनपासून, म्हणजे जिथे दोन कनेक्टर एकमेकांना टेकतात तिथपासून? तीन माणसं तीन प्रकारे मोजतील आणि दोन्ही टोकं धरून दीड-दोन सेंटीमीटरचा फरक पडेल. काटकोनी कनेक्टर असेल तर त्याच्या मधल्या रेषेपासून मोजतात. बाण काढून दाखवा, वाद संपला. दोन्ही बाजूंना काटकोनी असतील तर ते एकाच दिशेला वळलेले हवेत की विरुद्ध, हाही कोन सांगा, नाहीतर केबल पीळ खाऊन बसेल आणि तो पीळ हळूहळू क्रिंपवर (कनेक्टर केबलवर दाबून पक्का केलेल्या जागेवर) ताण देत राहतो.

टॉलरन्स लिहा. ३० सेमीला अधिक-उणे ५ मिमी पुरतं बहुतेक वेळा. अधिक-उणे १ मिमी उगाच लिहिलंत तर रेट वाढतो आणि रिजेक्शनपण, ते पैसे तुमच्याच खिशातून जातात.

हां, फेज मॅचिंग, म्हणजे केबलमधून सिग्नलच्या लहरी जुळून पोचणं, हवं असेल तर गोष्ट वेगळी. दोन किंवा चार अँटेनांचा अॅरे असेल, दिशा काढायची असेल, तर केबलच्या लांबीतला प्रत्येक मिमी फेजमध्ये दिसतो. सॉलिड टेफ्लॉनच्या केबलमध्ये सिग्नल प्रकाशाच्या ७० टक्के वेगाने जातो, २.४ गिगाहर्ट्झला वेव्हलेंग्थ होते साधारण ८७ मिमी, म्हणजे १ मिमीला ४ डिग्री. ६ गिगाहर्ट्झला १ मिमीला १० डिग्री. आता तुम्ही ६ गिगाहर्ट्झला अधिक-उणे ५ डिग्री मागितले म्हणजे अर्धा मिमी झाला, तो पट्टीने कापून येत नाही, एकेक केबल मशीनवर मोजून ट्रिम करावी लागते. म्हणून मिमीत लिहू नका, कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती डिग्री ते लिहा, आणि सगळ्या केबल एकमेकींशी जुळायला हव्यात की एका ठरलेल्या आकड्याशी, हेही. एकमेकींशी असेल तर सेटला नंबर टाकून एकत्र पॅक करायला सांगा, उद्या एक खराब झाली तर काय करणार तेही आजच ठरवा. टेफ्लॉनची अजून एक खोड आहे, १९ डिग्रीच्या आसपास त्याची आतली रचना बदलते आणि फेज तिथे जरा उडी मारते, एसी लॅबमध्ये १८ ला मोजलं आणि बाहेर ३५ ला लावलं तर आकडे जुळत नाहीत म्हणून सप्लायरशी भांडू नका.

पाचवी पायरी : एका ए-४ कागदावर ड्रॉइंग

कॅड येत नसेल तर हाताने काढा, पट्टी घेऊन. दोन टोकं, त्यांना पी-१ आणि पी-२ नावं, मधली लांबी बाणासकट, लेबल कुठे आणि त्यावर काय छापायचं, हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) किती लांब, कुठला रंग. खाली इलेक्ट्रिकल स्पेक. कोपऱ्यात ड्रॉइंग नंबर, रिव्हिजन आणि तारीख. बदल झाला की रिव्हिजन बदला, मग तो एका लेबलचा का असेना. पीओवर (पर्चेस ऑर्डरवर) "ड्रॉइंग अमुक, रिव्हिजन बी प्रमाणे" एवढंच लिहा. फोनवर जे बोलणं होतं ते ड्रॉइंगवर आलं नाही तर ते झालंच नाही असं धरायचं, कारण फोनवर बोलणारा आणि बेंचवर बसणारा माणूस वेगळा असतो.

इलेक्ट्रिकल स्पेक लिहिताना लोक एकतर काहीच लिहीत नाहीत किंवा कॅटलॉगमधला सगळ्यात भारी आकडा उचलतात. हिशेबाने या. ३० सेमी आरजी-३१६, २.४ गिगाहर्ट्झ : केबलचे ०.४५, दोन कनेक्टरचे ०.१ प्रमाणे ०.२, झाले ०.६५, थोडी जागा सोडून "कमाल ०.८ डीबी" लिहा. व्हीएसडब्ल्यूआर (किती सिग्नल परत फिरतो त्याचं माप) १.३ लिहिलात तर रिटर्न लॉस (तेच डीबीमध्ये) साधारण १७.७ डीबी, १.२ ला २०.८, १.५ ला १४. दीडलाही फक्त ४ टक्के पॉवर परत येते, त्यामुळे वायफायच्या जंपरला १.३ मागा, १.१ नको. आणि तुमच्या बँडपुरतंच मागा. २.४ वर चालणाऱ्या केबलला "१८ गिगाहर्ट्झपर्यंत टेस्टेड" मागितलंत की कनेक्टर बदलतो, माणूस बदलतो, मशीन बदलतं, रेटही.

पावसाचं वेगळं लिहा

खाडीच्या बाजूला, ऐरोली-घणसोलीकडे जिथे हवाच खारट आणि दमट, तिथे जून ते सप्टेंबर केबलची खरी परीक्षा. पाणी कनेक्टरच्या मागून, क्रिंपच्या फटीतून आत जातं आणि एकदा जाळीत शिरलं की वातीसारखं वर चढतं, मग आतून जाळी हिरवी पडते आणि लॉस हळूहळू वाढत जातो, एका दिवसात कळत नाही. ड्रॉइंगवर लिहा: कनेक्टरच्या मागे आतून गोंद असलेला श्रिंक, साधा नाही. आयपी-६७ चा (धूळ-पाणी आत न येऊ देणारा) कनेक्टर समोरच्याला घट्ट जोडलेला असेल तरच आयपी-६७, टोपण न लावता मोकळा ठेवला तर नाही. साइटवर बसवणाऱ्याला सेल्फ अमाल्गमेटिंग टेप (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) द्या आणि बॉक्समध्ये शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ ठेवायला सांगा, पाणी तिथून टपकतं.

सहावी पायरी : एकदा जाऊन बघा

हे मी सगळ्यात जास्त जोर देऊन सांगेन. ठाण्यातून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडली की रबाळे तिसरं-चौथं स्टेशन, अर्धा दिवस जातो फार तर. ऑफिसमध्ये चहा पिऊन परत येऊ नका, बेंच बघा. क्रिंपच्या डाय (दाबायचे साचे) केबलप्रमाणे वेगवेगळ्या आहेत का, आरजी-३१६ ला ०.१२८ इंचाची हेक्स लागते, आरजी-५८ ला ०.२१३ ची, एकच पक्कड सगळ्याला वापरत असतील तर नमस्कार करून निघा. स्ट्रिपिंग ब्लेडने हाताने चाललंय की मशीनवर, आणि हाताने असेल तर सेंटर कंडक्टरवर चरे पडतायत का. व्हीएनए (केबलचा लॉस आणि परत फिरणारा सिग्नल मोजणारं मशीन) आहे का, कॅलिब्रेशनचं स्टिकर कधीचं, कॅल किट कुठे ठेवलंय. मोजताना टेस्ट केबलच्या टोकाला कॅलिब्रेट करतात की मशीन चालू केलं की थेट मोजतात, हे विचारा, दुसऱ्या प्रकारात जे आकडे येतात त्यात त्यांची टेस्ट केबलपण मिसळलेली असते. कारागिरीसाठी आयपीसी/डब्ल्यूएचएमए-ए-६२० हे केबल असेंब्लीचं स्टँडर्ड पाळतात का तेही विचारा, सर्टिफिकेट नसलं तरी पुस्तक बेंचवर असलं तर चांगलं लक्षण.

पीआरओ साहेबांपेक्षा बेंचवर बसणाऱ्यांशी बोला. त्या ताईंनी मला एकदा सांगितलं की माझ्या ड्रॉइंगमधलं लेबल कनेक्टरला इतकं चिकटून होतं की बल्कहेडचा नटच मागे सरकत नव्हता. मला कधीच सुचलं नसतं ते.

सातवी पायरी : सॅम्पल, मग पीओ, मग माल

पाच सॅम्पल मागा, पैसे देऊन. त्यातलं एक कापा, खरंच कापा, उभं चिरून बघा जाळीची एखादी तार सेंटरकडे वळलीय का, सोल्डर डायइलेक्ट्रिकवर वितळून गेलाय का, क्रिंपखाली जाळी सगळीकडून आलीय का. एक ओढून बघा, स्प्रिंग काटा लावून, किती किलोला सुटते ते लिहून ठेवा आणि तोच आकडा ड्रॉइंगवर किमान म्हणून टाका, थोडा कमी करून. एक तुमच्या खऱ्या बॉक्समध्ये बसवा. उरलेल्या दोनपैकी एक सही करून सप्लायरकडे, एक तुमच्याकडे.

पीओत हे असू द्या: प्रत्येक नगाचं टेस्टिंग की लॉटमधल्या काहींचं, एस-२-पी फाइली (व्हीएनएच्या मापांच्या) मिळणार का, आणि तुम्हाला न विचारता केबल किंवा कनेक्टरचा मेक बदलायचा नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण तिसऱ्या-चौथ्या लॉटला "तेच आहे साहेब, फक्त मेक वेगळा" असं होतं. कनेक्टर बाहेरून येणारा असेल तर त्याची कमीत कमी ऑर्डर आणि लीड टाइम आधी विचारा, तुमचे ५० नग असतील आणि त्यांना ५०० कनेक्टर घ्यावे लागले तर ते पैसे कोणाचे, हे आधीच बोललेलं बरं.

पेमेंटचं पण बोला. सप्लायर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याने लेखी करार असला तरी कमाल ४५ दिवस, करार नसेल तर १५. आणि २०२४-२५ या आकारणी वर्षापासून वेळेत दिलं नाही आणि वर्ष संपेपर्यंत बाकी राहिलं तर त्या वर्षी तो खर्चही धरता येत नाही, तुमच्या सीएने सांगितलं असेलच.

माल आला की चलानवर सही करायच्या आधी नाही तर निदान त्याच दिवशी, पिशवीतून दहा केबल काढा. आटे आणि पिन डोळ्याने, लांबी पट्टीने, कंटिन्युइटी मल्टिमीटरने, सेंटर ते सेंटर चालू, सेंटर ते बॉडी बंद, आणि मल्टिमीटर लावून दोन्ही टोकांजवळ केबल हलवा, आकडा उडतो का बघा. व्हीएनए नसेल तर कपाटातली सही केलेली केबल आणि नवीन केबल एकाच गेटवेला आळीपाळीने लावून आरएसएसआय (मिळणाऱ्या सिग्नलची ताकद) बघा, अँटेना आणि जागा न हलवता. दोन-तीन डीबीचा फरक दिसला की त्याच दिवशी फोन करा, केबल बॉक्समध्ये बसवून श्रिंक मारल्यावर नाही.